युरोपात जंगलाकडे बघायची नजर कशी बदलली: डुकरं, घनमीटर आणि मेलेलं लाकूड

प्रश्न असा आहे: युरोपीय समाजाने निसर्गाला कायम वापरायची वस्तू मानलं असं आपण वाचतो, मग जंगल राखायचं शास्त्र आणि संरक्षणाचे कायदेही तिथूनच कसे आले? नजर नेमकी कधी बदलली?

ती अनेकदा बदलली, आणि प्रत्येक बदलाची खूण जंगलाच्या नोंदवहीत सापडते. तत्त्वज्ञांनी काय लिहिलं यापेक्षा त्या काळी जंगलात काय मोजलं जात होतं ते बघावं. जे मोजलं जातं त्याची राखण होते, जे मोजलं जात नाही ते हळूहळू नाहीसं होतं. युरोप मोठा आहे, म्हणून मी मुख्यतः जर्मन भाषक प्रदेशातली जंगलं घेतो आणि इंग्लंड-फ्रान्सकडे लागेल तेवढंच वळतो. आपल्या फॉरेस्ट खात्याची मुळंही त्याच प्रदेशात आहेत.

सुरुवात डुकरांपासून करावी लागते. 1086 साली इंग्लंडच्या राजाने जमिनीची मोजणी करवून घेतली. त्या डूम्सडे नोंदवहीत, विशेषतः पूर्वेकडच्या परगण्यांत, जंगलाचा आकार 'इतक्या डुकरांचं जंगल' असा लिहिलेला आहे. शरद ऋतूत ओक आणि बीच या झाडांची फळं पडतात, त्यावर डुकरं पोसायची आणि थंडीच्या तोंडावर कापायची, हा जंगलाचा एक मोठा उपयोग. लाकूड होतंच, पण कस ठरायचा तो जमिनीवर पडणाऱ्या फळांवरून. त्यामुळे म्हातारं, पसरट फांद्यांचं ओक हे मौल्यवान झाड होतं. पुढे सरळ लाकडाच्या हिशेबात तेच झाड निरुपयोगी ठरलं. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये ही चराई अजून चालते. दर शरदात किमान 60 दिवस डुकरं सोडतात, जमीन फार उकरू नयेत म्हणून त्यांच्या नाकात कडी घालतात. हिरवी ओकफळं घोड्यांना आणि गुरांना विषारी असतात, ती डुकरं खाऊन टाकतात, हा दुसरा फायदा.

जंगल राजाचं असलं तरी त्यात गावाचे हक्क होते. 1217 च्या इंग्लंडमधल्या जंगल-सनदेने राजाचं हरीण मारल्याबद्दल जीव घेणं किंवा हातपाय तोडणं बंद केलं आणि चराईसारखे हक्क मान्य केले. म्हणजे त्या काळात जंगल कोणा एकाचं नव्हतं. एकाच झाडाचं खोड जमीनदाराचं, फळं गावच्या डुकरांची आणि वाळलेल्या फांद्या गरिबाच्या चुलीच्या, अशी वाटणी असे.

इथे बायबलचा मुद्दा निघतोच: 'माणसाने पृथ्वीवर सत्ता गाजवावी' या वचनामुळे युरोपीय निसर्गाचे वैरी झाले. 1967 साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी हा युक्तिवाद मांडला आणि तो फार गाजला. मला तो अपुरा वाटतो. बायबल 1200 मध्ये तेच होतं आणि 1800 मध्येही तेच, मधल्या काळात जंगलाशी वागणं मात्र पार बदललं. त्याच धर्मातल्या सिस्टर्शियन मठांनी जंगलं तोडून शेती वाढवली, आणि इटलीतल्या कामाल्दोली मठाच्या साधूंनी शतकानुशतकं फर वृक्षांचं जंगल लावलं आणि सांभाळलं. वचनापेक्षा लोहारभट्टीची भूक, करवसुली आणि जमिनीची मालकी यांनी जास्त फरक पडला.

भट्टीच्या भुकेवरचा सर्वांत हुशार तोडगा मला जर्मनीतल्या झीगरलांडचा वाटतो. तिथे लोखंडाच्या खाणी होत्या, आणि कोळशासाठी लाकूड लागायचं. गावांनी ओक आणि बर्चच्या टेकड्या सामाईक ठेवल्या. या पद्धतीला हाउबर्ग म्हणतात. टेकडीचे 16 ते 20 पट्टे पाडायचे आणि दर वर्षी एकच पट्टा घ्यायचा. हिवाळाअखेर झुडुपं आणि बर्च तोडून सरपण काढायचं. मे महिन्यात रस चढला की ओकची साल सुटी होते. तेव्हा चमच्यासारख्या बोथट अवजाराने ती उभ्या झाडावरच सोलायची, वरच्या टोकाला लोंबत ठेवून वाळवायची आणि चामडं कमावणाऱ्यांना विकायची. मग सोललेला ओक तोडून कोळसा पाडायचा. खुंट राखायचे, कारण पुढचं जंगल त्यांच्याच फुटव्यांतून येणार. खुंटांमधली गवताळ माती खरवडून, वाळवून जाळायची, राख पसरायची आणि हलक्या नांगराने राय हे धान्य पेरायचं. पुढच्या उन्हाळ्यात राय कापून झाली की काही वर्षं पट्टा बंद. फुटवे गुरांच्या तोंडावर गेले की गळ्यात घंटा बांधलेली गुरं आत सोडायची. सोळा-वीस वर्षांनी पुन्हा कुऱ्हाड.

एकाच जमिनीतून चामड्याची साल, कोळसा, धान्य आणि चराई. हे बिघडायचं ते दोन कारणांनी. पट्टा लवकर उघडला तर गुरं फुटव्यांचे शेंडे खातात आणि खुंट मरतो. आणि वाटणी करून प्रत्येकाने आपापला तुकडा वेगळा मागितला तर फेर, म्हणजे पट्ट्यांची ठरलेली पाळी, मोडते. म्हणून सभासदाकडे हिस्सा असे, विशिष्ट तुकड्याची कायमची मालकी नसे. कोकणात भाजावळ पाहिलेल्या माणसाला यातली राखेवरची पेरणी लगेच ओळखू येईल. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

मोठा बदल झाला जर्मनीच्या पूर्वेकडच्या सॅक्सनीत. तिथल्या डोंगरातल्या चांदीच्या खाणींना बोगद्यांच्या आधारासाठी आणि धातू गाळण्यासाठी लाकडाचा प्रचंड खप होता. हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ हे फ्रायबर्गमधले खाण-प्रशासक. त्यांनी 1713 साली जंगल लावण्या-राखण्यावर ग्रंथ लिहिला आणि त्यात म्हटलं की तोड ही वाढीच्या मर्यादेत ठेवा, बिया पेरा, रोपं लावा, चुली सुधारा, जमेल तिथे लाकडाऐवजी पीट (दलदलीतली वाळवलेली वनस्पतिज माती) जाळा. आज 'शाश्वत' या शब्दाने जी कल्पना जगभर फिरते, तिचं हे एक उगमस्थान. जंगलावरच्या प्रेमापेक्षा खाण बंद पडायच्या भीतीतून ती जन्मली, म्हणून मी तिला कमी लेखत नाही. पण एकदा उद्देश 'भट्टीला लाकूड' असा ठरला की मोजणीही तशीच झाली.

पुढच्या शंभर वर्षांत गेओर्ग लुडविग हार्टिग आणि हाइनरिख कोटा या जर्मन वनतज्ज्ञांनी या मोजणीचं शास्त्र केलं. कोटांची वनशाळा 1811 मध्ये थारांटला आली आणि 1816 मध्ये सरकारी अकादमी झाली. साधी पद्धत क्षेत्रफळाची: 1,000 हेक्टर जंगल, फेर 100 वर्षांचा, तर दर वर्षी 10 हेक्टरचा कूप, म्हणजे तोडीचा तुकडा. अडचण अशी की सगळे कूप सारखं लाकूड देत नाहीत. दरीतला दुप्पट देतो, माथ्यावरचा निम्मं. म्हणून घनफळाची सूत्रं आली. 1788 च्या ऑस्ट्रियन फर्मानातून पुढे आलेलं सूत्र सांगतो: प्रत्यक्ष उभ्या लाकडाच्या साठ्यातून आदर्श साठा (जंगलात असायला हवं तेवढं लाकूड) वजा करा, येईल त्याला भरपाईच्या वर्षांनी भागा आणि ते वार्षिक वाढीत मिळवा. समजा 1,000 हेक्टरवर वाढ वर्षाला 6,000 घनमीटर, उभा साठा 2,20,000, आदर्श साठा 2,50,000, आणि तूट 60 वर्षांत भरायची आहे. तूट 30,000, वर्षाला 500. म्हणजे तोडायला परवानगी 5,500 घनमीटरची. आपल्याकडच्या वनखात्याच्या वर्किंग प्लॅनमध्ये (कार्य आयोजनेत) ज्यांनी अशी गणितं केली असतील, त्यांना हे घरचंच वाटेल.

गणित बरोबर आहे. त्यात फळं, पाचोळा, चारा, माती, पाखरं यांना रकाना मात्र नाही. आणि आदर्श साठा काढायला जंगल एकसारखं असलं तर बरं पडतं, म्हणून जंगलच हिशेबाला सोयीचं केलं गेलं. स्प्रूस हा सुईसारख्या पानांचा वृक्ष निवडला गेला याची कारणं व्यवहारी होती: रोपवाटिकेत सहज येतो, उघड्या, थंड जागी तगतो, सरळ वाढतो, हरणं फरच्या मानाने त्याला कमी तोंड लावतात, आणि बीचपेक्षा इमारती लाकूड कितीतरी जास्त देतो. 1849 मध्ये मार्टिन फाउस्टमान यांनी जमिनीवरच्या व्याजाचं सूत्र दिलं. व्याज धरलं की झाड म्हातारं होऊ देणं तोट्याचं दिसतं, त्यामुळे तोडीचं वय खाली आलं.

पहिली पिढी उत्तम आली, कारण आधीच्या बीच-ओकच्या जंगलाने माती तयार करून ठेवली होती. दुसऱ्या पिढीत गाडी अडायला लागली. 1920 च्या दशकात सॅक्सनीतच स्प्रूसची वाढ घटल्याची सविस्तर मोजणी झाली. कारण मातीत आहे. स्प्रूसच्या सुया सावकाश कुजतात, वर आंबट थर साचतो, गांडुळं जातात, पोषण त्या थरात अडकून पडतं. ओलसर, घट्ट जमिनीत मुळं उथळ राहतात, वादळात रांगाच्या रांगा आडव्या होतात. एका वयाची एकच जात असली की किडीला मेजवानी. वनतज्ज्ञ कार्ल गायर यांनी 1886 मध्ये मिश्र जंगलाची बाजू मांडली, आल्फ्रेड म्योलर यांनी 1922 मध्ये सफाचट तोड बंद करून निवडक तोडीचं 'कायम जंगल' सुचवलं. म्हणजे इशारे खात्याच्या आतूनच आले होते. ते मागे पडले, कारण स्प्रूसचा पैसा लवकर दिसत होता आणि दोन महायुद्धांनंतर लाकूड तातडीने हवं होतं.

जंगल घनमीटरमध्ये मोजलं जाऊ लागलं तसा गावकरी चोर ठरू लागला. पाचोळा गोळा करून गोठ्यात अंथरणं हा शेतकऱ्याचा खताचा आधार होता. वनाधिकाऱ्यांनी तो बंद केला. इथे दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत. सतत पाचोळा उचलल्याने माती खरोखर निकस होते, कॅल्शियम आणि नत्र जातं. पण बंदी घालताना शेतकऱ्याला दुसरं खत कोणी दिलं नाही. फ्रान्सच्या 1827 च्या वनसंहितेने चराई आणि सरपण आवळलं, तेव्हा आरिएजच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांनी 1829 पासून बायकांचे कपडे घालून, तोंडं रंगवून वनरक्षकांना पळवून लावलं.

ही नजर भारतात आली ती जर्मन माणसांबरोबर. 1864 मध्ये इथल्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झालेले डिट्रिख ब्रांडिस बॉनचे, आणि त्यांच्यानंतरचे श्लिख आणि रिबेनट्रॉप हेही जर्मन. रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि जहाजांसाठी सागवान हवं होतं. 1878 च्या कायद्याने राखीव वनांची चौकट घट्ट केली. त्या विधेयकाला पुणे सार्वजनिक सभेने विरोध नोंदवला होता. ब्रांडिस स्वतः गावांसाठी वेगळी जंगलं ठेवण्याच्या बाजूचे होते, पण सरकारात सरसकट सरकारी मालकीचा आग्रह धरणारे वरचढ ठरले. 1883 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गायरानं जंगलखात्याने गिळल्याची तक्रार लिहिली. ठाणे-कुलाब्यात ऐनाच्या फांद्यांचं कवळ तोडून भाताच्या तरव्यासाठी (रोपांच्या वाफ्यासाठी) राब भाजायचा हक्क हा इतका मोठा वाद झाला की 1885 मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. बॉनपासून झीगरलांड फार लांब नाही. ज्या प्रदेशाने जंगल जाळून राय पेरायची पद्धत नियम घालून शतकं चालवली, त्याच प्रदेशातल्या शास्त्राने आपल्याकडच्या कुमरी (फिरत्या) शेतीला आणि राबाला नासधूस म्हणावं, याचं मला वाईट वाटतं. नियम बांधून फेर पाळता आला असता, त्याचा नमुना त्यांच्या घरी होता.

याच एकोणिसाव्या शतकात आणखी दोन मोजमापं आली. एक सौंदर्याचं: चित्रकारांच्या आग्रहामुळे 1861 मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लो जंगलाचा 1,097 हेक्टर भाग तोडीतून वगळला गेला, निव्वळ देखणा म्हणून. दुसरं पाण्याचं: आल्प्समध्ये उतार बोडके झाल्यावर ओढे दगडगोटे घेऊन गावांवर येऊ लागले. 1868 च्या महापुरांनंतर स्वित्झर्लंडने 1876 मध्ये डोंगराळ भागातलं वनक्षेत्र कमी होऊ द्यायचं नाही असा कायदा केला. तिथे जंगल हे भिंतीसारखं काम करतं, आणि तो हिशेब आजही चालू आहे.

1981 च्या सुमारास जर्मनीत 'जंगल मरतंय' अशी हाक उठली. ग्योटिंगेनचे मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिख यांनी दाखवलं की वीजकेंद्रांच्या गंधकामुळे पाऊस आम्लधर्मी होतो, मातीतलं अॅल्युमिनियम सुटं होतं आणि बारीक मुळांना मारतं. तेव्हापासून दर वर्षी झाडांचे शेंडे किती विरळ झाले ते टक्क्यांत नोंदतात; 25 टक्क्यांपेक्षा जास्त पानगळ म्हणजे ठळक नुकसान. 1983 मध्ये मोठ्या भट्ट्यांना धुरातलं गंधक काढणं सक्तीचं झालं. जंगलात हेलिकॉप्टरने डोलोमाइटची चुनखडी टाकली गेली, साधारण 3 टन हेक्टरी. यात चूक होते ती प्रमाणाची आणि जागेची: चुना जास्त झाला तर वरचा सेंद्रिय थर झपाट्याने कुजतो आणि नायट्रेट भूजलात उतरतं, आणि दलदलीत तो टाकूच नये, तिथली आम्लावर जगणारी वनस्पती मरते. भाकीत केलं होतं तितकं जंगल मेलं नाही. म्हणून काही जण ती हाक खोटी होती म्हणतात. मला ते पटत नाही, कारण त्या हाकेमुळेच गंधक उतरलं.

नजरेतला सर्वांत कठीण बदल त्याच काळात बव्हेरियन जंगल राष्ट्रीय उद्यानात झाला. 1970 मध्ये स्थापन झालेलं हे जर्मनीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. 1983 च्या ऑगस्टमध्ये वादळाने स्प्रूस आडवे केले, आणि मंत्री हान्स आइझेनमान यांनी गाभ्यातली पडझड तशीच ठेवायचा निर्णय घेतला. कुठल्याही वनाधिकाऱ्याच्या शिक्षणाविरुद्ध जाणारा हा निर्णय होता. कारण पडलेल्या झाडाला राळ सोडून प्रतिकार करता येत नाही, तिथे सालीखालचा भुंगेरा पहिली पिढी वाढवतो आणि मग उभ्या झाडांवर जातो. 1990 च्या दशकात तसंच झालं. हजारो हेक्टर स्प्रूस वाळला, आणि आसपासची गावं संतापली.

हा भुंगेरा 4 ते 5.5 मिलिमीटरचा. हवा साधारण 16.5 अंशांवर गेली की उडतो. नर आधी भोक पाडतो, मग दोन-तीन माद्या सालीखाली बोगदे कोरून अंडी घालतात. उष्ण वर्षी दोन, कधी तीन पिढ्या होतात. व्यापारी जंगलात याला आवरायचा मार्ग एकच: एप्रिल ते सप्टेंबर शक्यतो दर आठवड्याला फिरायचं, बुंध्याशी आणि कोळ्याच्या जाळ्यांवर कॉफीच्या पुडीसारखा तपकिरी भुसा शोधायचा, ते झाड लगेच तोडून किमान 500 मीटर लांब न्यायचं किंवा साल सोलायची. आत पांढऱ्या अळ्या असतील तर सोलणं पुरतं. भुंगेरे तपकिरी झाले असतील तर सालही नष्ट करावी लागते, नाहीतर ते सालीतून उडून जातात. सर्वांत महागडी चूक म्हणजे राखाडी, साल गळालेली मेलेली झाडं घाईने काढणं. त्यांतून भुंगेरा केव्हाच गेलेला असतो. उरतात ते त्याला खाणारे शिकारी कीटक, आणि तोडीबरोबर तेच बाहेर जातात. उद्यानात यातून वाटणी निघाली: कडेच्या 500 ते 1,000 मीटर पट्ट्यात भुंगेऱ्याशी लढायचं, गाभ्यात हात लावायचा नाही. गाभ्यात मेलेल्या खोडांच्या सावलीत, कुजणाऱ्या ओंडक्यांवर, दाट नवं जंगल आलं, कोणी न लावता.

यामुळे मेलेलं लाकूड हे मोजायचं मूल्य झालं. बुरशी, कीटक, सुतारपक्षी यांच्यासाठी निदान हेक्टरी 20 ते 50 घनमीटर हवं, हे संशोधनातून पुढे आलं. डोंगराळ मिश्र जंगलात 30 ते 40. 2018 ते 2020 च्या दुष्काळांनी हा विषय जर्मनीवर लादलाच: जानेवारी 2018 ते एप्रिल 2021 या काळात सुमारे 5 लाख हेक्टरवरचं झाडांचं छत्र गेलं, हार्झचे डोंगर राखाडी झाले, आणि स्प्रूसचा वाटा राष्ट्रीय वनगणनेत सुमारे 25 टक्क्यांवरून 21 वर आला. आता मिश्र जंगल करायला सगळे तयार आहेत, पण ओक आणि फरची रोपं हरणं खाऊन टाकतात. रोपांना जाळी घालायची की हरणांची शिकार वाढवायची, यावर वनाधिकारी आणि शिकारी संघटना यांचं जुंपलेलं असतं. लांडगे 2000 साली पूर्व जर्मनीतल्या लाउझिट्झमध्ये परतले, तेही या वादात ओढले गेले आहेत.

आकडे वाचताना एक काळजी घ्या. जर्मन वनगणनेत मेलेलं लाकूड 2002 मध्ये हेक्टरी 11.5 घनमीटर, 2012 मध्ये 20.6 आणि 2022 मध्ये 29.4 असं दिसतं. पहिली उडी बरीचशी मोजणीच्या नियमाची आहे: 2002 मध्ये जाड टोकाला 20 सेंटीमीटरपासून मोजलं होतं, नंतर 10 पासून. दुसऱ्या वाढीत दुष्काळात मेलेला स्प्रूसही आहे. बीच आणि ओकचं जाड मेलेलं लाकूड, ज्यावर सर्वांत दुर्मिळ कीटक जगतात, ते अजून कमीच आहे. म्हणून एकूण आकड्याखालचे जातवार आणि जाडीवार रकाने बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.